जपानला जाताय? आधी तिथला कमोड शिकून घ्या

आईला जपान दाखवायचं गेली चार वर्षं नुसतं चाललं होतं. दादा-वहिनी तोक्योत निशी-कासाईला राहतात, तिकडे आपली भारतीय मंडळी भरपूर, त्यामुळे राहायचा प्रश्न नव्हता, व्हिसा झाला, तिकिटं झाली, आणि मग एक दिवस आई स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अगं, तिकडे पाण्याची सोय असते का गं?" कसल्या पाण्याची ते आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. हा प्रश्न तिने बाबांना विचारला नव्हता, दादालाही फोनवर विचारला नव्हता. आणि मला पक्कं माहितीये की उत्तर मिळालं नसतं तर तिने तेच केलं असतं जे ती आयुष्यभर प्रत्येक प्रवासात करत आलीये, म्हणजे पाणीच कमी प्यायचं. पुणे-कोल्हापूर एसटीत बसायचं असेल तर सकाळपासून चहासुद्धा घेत नाही ती. आपल्याकडच्या कितीतरी बायका अशाच प्रवास करतात आणि त्याबद्दल कोणाजवळ बोलत पण नाहीत.

म्हणून हे सगळं मोकळेपणाने आणि नीट लिहितेय. ज्यांच्या घरून कोणी पहिल्यांदा जपानला चाललंय, खास करून वयस्कर माणसं, त्यांना हे आधीच वाचून दाखवा.

आईच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हो, असते पाण्याची सोय, आणि कोमट पाण्याची असते. जपानमधे साधारण दहातल्या आठ घरांत धुवून देणारी सीट बसवलेली आहे. हॉटेल, एअरपोर्ट, मॉल, डिपार्टमेंट स्टोअर, ऑफिसं, बऱ्याच स्टेशनांवर पण असते. युरोप-अमेरिकेत आपली जी पंचाईत होते, नुसता कागद आणि पाण्याची बाटली घेऊन आत जायचं, ती इथे फारच कमी वेळा होते. फक्त जेट स्प्रे किंवा टमरेल शोधू नका, ते नाहीये. पाणी सीटच्या खालूनच येतं, एक बारीक नळी बाहेर येते आणि फवारा मारून परत आत जाते.

याला तिकडे सरसकट वॉशलेट म्हणतात. खरं तर वॉशलेट हे तोतो कंपनीचं नाव, पण आपण नाही का कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो, तसंच. इनॅक्स आणि पॅनासॉनिकच्या सीट पण जागोजागी दिसतील, बटणांची जागा थोडी बदलते, काम तेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आत गेल्यावर लगेच बसू नका. आधी तीन गोष्टी कुठे आहेत ते डोळ्यांनी बघून घ्या: फ्लश कुठे आहे, पाणी थांबवायचं बटण कुठे आहे, आणि मदत बोलवायचं लाल बटण कुठे आहे. या तीन गोष्टी दिसल्या की मग निवांत बसा. लोकांना वाटतं की अवघड म्हणजे ती फवाऱ्याची बटणं, पण माझा अनुभव सांगतो की खरी अडचण फ्लशची होते, सगळं आवरून उभं राहिल्यावर फ्लशच सापडत नाही आणि बाहेर लाइन लागलेली असते, मग माणूस घाबरतो आणि दिसेल ते बटण दाबतो.

फ्लश किती ठिकाणी असू शकतो ते सांगते. टाकी असलेल्या जुन्या कमोडला टाकीच्या बाजूला एक दांडी असते, ती एका बाजूला फिरवली की जास्त पाणी आणि दुसऱ्या बाजूला फिरवली की कमी. भिंतीवर रिमोटसारखं पॅनल असेल तर फ्लशची बटणं बऱ्याचदा त्या पॅनलच्या वरच्या कडेवर असतात, समोरून दिसतच नाहीत, वरून वाकून बघावं लागतं. काही ठिकाणी भिंतीवर हाताच्या चित्राची एक छोटी पट्टी असते, ती दाबायची नाही, तिच्यासमोर तळहात दोन-तीन सेंटीमीटरवर धरायचा आणि क्षणभर थांबायचं. कधी मागच्या भिंतीवर मोठं बटण असतं आणि कमोडचं झाकण उघडं असलं की ते झाकणाच्या मागे लपतं, म्हणजे झाकण खाली केलं की सापडतं. आणि काही ठिकाणी तुम्ही उठलात की आपोआप फ्लश होतो. उठल्यावर दोन-चार सेकंद वाट बघा, नाही झाला तर शोधा.

आता अक्षरं. जपानी यायची अजिबात गरज नाही, फक्त तीन आकार ओळखता आले तरी पुरे. पहिला "दाइ", म्हणजे मोठं. हा आकार म्हणजे हात दोन्हीकडे पसरून, पाय फाकून उभा असलेला माणूस. हा मोठा फ्लश. दुसरा "शो", म्हणजे छोटं. मधे एक उभी काठी, खाली थोडी हुकासारखी वळलेली, आणि दोन्ही बाजूंना एकेक छोटा फटकारा. हा लहान फ्लश, नुसती लघवी असेल तेव्हाचा. तिसरा थांबवायचा. खाली एक आडवी रेघ, तिच्यावर डावीकडे एक बुटकी काठी, मधे एक उंच काठी, आणि त्या उंच काठीला उजवीकडे फुटलेली एक छोटी फांदी. या बटणावर बहुतेक वेळा लाल किंवा नारिंगी चौकोन पण असतो. हा आकार आईकडून मी कागदावर दहा वेळा काढून घेतला, कारण बाकी काही विसरलं तरी चालतं पण थांबवायचं बटण माहीत असलं की भीती राहत नाही.

चित्रं पण असतात आणि आता ती बऱ्यापैकी सारखी झालीयेत. पूर्वी प्रत्येक कंपनीची चित्रं वेगळी होती आणि बाहेरच्या पाहुण्यांचा खूप गोंधळ व्हायचा, म्हणून २०१७ मधे तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने एकत्र बसून आठ चित्रं ठरवली: झाकण उघडणं, सीट वर करणं, मोठा फ्लश, लहान फ्लश, मागून धुणं, पुढून धुणं, वाळवणं आणि थांबवणं. जुन्या सीटवर मात्र जुनीच चित्रं असतात, नाहीतर नुसती अक्षरं.

मागून धुण्याचं बटण म्हणजे "ओशिरी". ओशिरी म्हणजे बूड. चित्रात गोल पार्श्वभाग आणि खालून कारंजं दिसतं. दुसरं "बिदे", त्यावर बसलेल्या बाईचं चित्र असतं, ते बायकांसाठी पुढून धुवायचं. या दोन्हीचे फवारे वेगळ्या कोनात येतात, ओशिरीचा ४३ अंशात आणि बिदेचा ५३ अंशात, निदान तोतोने तरी तसं ठरवलं. ओशिरीच्या शेजारी कधीकधी "यावाराका" नावाचं बटण असतं, त्याचा फवारा मऊ असतो, पहिल्यांदा वापरणाऱ्याने तेच दाबावं असं मला वाटतं.

बसायचं कसं हे पण सांगायला हवं कारण आपली माणसं इथेच चुकतात. परका कमोड म्हटलं की आपण सीटच्या पुढच्या काठावर अर्धवट टेकून बसतो. इथे असं केलं तर फवारा भलतीकडे लागतो, आणि सीटमधल्या सेन्सरला कोणी बसलंय हेच कळत नाही त्यामुळे कधीकधी पाणीच येत नाही. व्यवस्थित मागे सरकून, पूर्ण बसा. सीट कोमट लागेल, दचकू नका, आधीचं कोणी बसून गेल्यामुळे नाही, आतमधे हीटर असतो. जपानी घरांत सगळ्या खोल्या गरम ठेवायची पद्धत नाही, हिवाळ्यात संडास म्हणजे बर्फ झालेला असतो, तेव्हा त्या गरम सीटची किंमत कळते. आम्ही जानेवारीत होतो आणि बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना तर घरातली ती सगळ्यात आवडती जागा झाली होती.

आणि सीटवर पाय ठेवून उकिडवं बसायचं नाही. सवय असते कोणाकोणाला, मी समजू शकते, पण त्या सीटच्या आत वायरी, हीटर, सेन्सर आहे आणि ती प्लास्टिकची आहे, तुटते आणि माणूस पडतो.

तर पूर्ण बसलात, काम झालं, आता ओशिरी दाबा. लगेच पाणी येत नाही. आधी बारीक घरघर ऐकू येते, नळी स्वतःला धुवून घेते, मग बाहेर येते, दोन-चार सेकंद जातात. या वेळात लोक परत परत बटण दाबतात, ते करू नका, आणि काय झालं बघायला उठून वाकू तर अजिबात नका. हल्लीच्या सीटला सेन्सर असल्यामुळे कोणी बसलेलं नसेल तर पाणी येत नाही, पण हात किंवा अंग सीटजवळ असलं तर सेन्सरला काय वाटेल सांगता येत नाही आणि मग फवारा थेट तोंडावर.

पाण्याचा जोर कमी-जास्त करायला अधिक-उणेची बटणं किंवा लहान-मोठ्या होत जाणाऱ्या पट्ट्या असतात. आधीच्या माणसाने जोर सगळ्यात वर ठेवलेला असू शकतो, म्हणून ओशिरी दाबायच्या आधीच तो खाली आणून ठेवायचा, ही माझी सगळ्यांना सूचना आहे, वयस्कर माणसांना आणि मुळव्याधीचा त्रास असणाऱ्यांना तर नक्कीच. फवारा नेमका लागत नसेल तर नळी पुढे-मागे करायचं बटण असतं, पण आपणच जरासं सरकलं तर जास्त पटकन जमतं. "मूव" लिहिलेलं दाबलं की नळी स्वतःच पुढे-मागे हलत राहते, आपल्याला जी नीट धुतल्याची खात्री लागते ती या बटणाने मिळते. आईला पहिले दोन दिवस हात न लावता स्वच्छ झाल्यासारखं वाटतच नव्हतं. तिला सांगितलं की मूव चालू ठेव, मनात पन्नास मोज, मग थांबव, मग कागदाने टिपून बघ. तिसऱ्या दिवसापासून तिची तक्रार गेली.

पाणी साधारण अंगाच्या तापमानाइतकं, ३८ अंशाच्या आसपास असतं. काही सीटमधे गरम पाण्याची छोटी टाकी असते, ती संपली की पाणी गार व्हायला लागतं, त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी मधेच गार पाणी आलं तर काही बिघडलं असं समजू नका.

झालं की थांबवा, थांबवल्यावरच उठा. वाळवायचं बटण असतं, गरम हवा येते, पण खरं सांगू, पूर्ण कोरडं व्हायला खूप वेळ लागतो. कागदाने टिपा आणि तो कागद कमोडमधेच टाका. आपल्याकडे कागद डब्यात टाकायची सवय असते पण तिकडचा टॉयलेट पेपर पाण्यात विरघळेल असाच बनवतात, त्यामुळे डब्यात टाकलेला त्यांना घाणेरडा वाटतो. बायकांच्या टॉयलेटमधे कोपऱ्यात जो छोटा झाकणाचा डबा असतो तो फक्त पॅडसाठी आहे. खिशातले टिश्यू, वाइप्स मात्र कमोडमधे टाकू नका, ते विरघळत नाहीत.

आता ते लाल बटण. हे नीट वाचा कारण आमच्या घरी हे घडलंय. तिसऱ्या दिवशी आम्ही एका मोठ्या दुकानात होतो आणि आई तिथल्या मोठ्या टॉयलेटमधे गेली, व्हीलचेअर जाते तसलं, कारण तिला उठताना धरायला दांडी लागते. पाच मिनिटांनी जोरात बेल वाजायला लागली आणि दोन कर्मचारी बायका धावत आल्या, दार वाजवून विचारायला लागल्या. आईने फ्लश समजून मदतीचं बटण दाबलं होतं. ती आतून घाबरून काही बोलेना, मी बाहेरून मराठीत ओरडून विचारतेय, त्या दोघी जपानीत विचारतायत. शेवटी तिने दार उघडलं तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं. त्या दोघी तिच्यासमोर वाकल्या, एकीने तिचा हात धरून आत नेलं, फ्लश कुठे आहे ते दाखवलं, आणि आपणच सारखं सॉरी म्हणत गेल्या. कोणी ओरडलं नाही, कोणी हसलं नाही. पण त्या संध्याकाळी आईने पाणी पिणं कमी केलं, आणि ते मला फार लागलं, कारण चूक माझी होती, मी तिला पॅनल दाखवून पाठवायला हवं होतं.

तर या बटणाला "योबिदाशी" म्हणतात, म्हणजे बोलावणं. ते बहुतेक लाल किंवा नारिंगी असतं, बाकीच्या पॅनलपासून वेगळं, एकटं. मोठ्या टॉयलेटमधे तसंच एक खाली जमिनीजवळ पण असतं, माणूस पडला तर पडल्यापडल्या दाबता यावं म्हणून. कधीकधी दोरी असते. चुकून दाबलं गेलं तर घाबरायचं नाही, कोणी आलं की "दाइजोबु देस" म्हणायचं, म्हणजे मी ठीक आहे, आणि "सुमिमासेन", म्हणजे माफ करा. आणि खरंच चक्कर आली, पाय घसरला, तर बिनधास्त दाबायचं, त्यासाठीच आहे ते. हे वयस्कर माणसांना दोन्ही बाजूंनी सांगा, नाहीतर भीतीने गरज असताना पण दाबणार नाहीत.

त्या रात्री मी एका पुठ्ठ्यावर आईसाठी कार्ड केलं. वर थांबवायचं चिन्ह, त्याखाली मोठा फ्लश आणि लहान फ्लश, मग ओशिरीचं चित्र, आणि सगळ्यात खाली लाल स्केचपेनने एक गोल करून बाजूला मराठीत "फक्त पडलीस तर". ते तिने पर्समधे ठेवलं. दादाकडच्या टॉयलेटमधे आम्ही कपडे घालूनच, झाकण उघडून, एकेक बटण काय करतं ते बघितलं. तुम्ही हॉटेलवर उतरलात की पहिल्या संध्याकाळी हे करा, बाहेरच्या गर्दीत शिकण्यापेक्षा खोलीत शिकलेलं केव्हाही बरं. लहान मुलं असतील तर त्यांनाही असंच शिकवा.

संगीतातल्या स्वरचिन्हाचं (♪) बटण दिसेल, बायकांच्या टॉयलेटमधे जास्त. ते दाबलं की पाणी वाहिल्याचा आवाज येतो, पाणी येत नाही, फ्लशही होत नाही. आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बायका बसल्याबसल्या सारखा फ्लश ओढायच्या आणि पाणी फुकट जायचं, त्यावर तोतोने १९८८ मधे हे "ओतोहिमे" काढलं. ही लाज काही आजची नाही, ओकायामा भागातल्या कुराशिकी इथल्या रेंदाइजी मंदिरात असाच आवाज लपवायला केलेला पाण्याचा जुना रांजण आहे, तोटी उघडली की पाण्याची धार पडत राहायची. आईला हे बटण फार आवडलं, म्हणाली आमच्या वेळी नळ सोडून ठेवायचो तसंच आहे की.

थोडं या सीटच्या जन्माबद्दल सांगते, कारण आपल्याला ते जवळचं वाटेल. जपानी लोक काही पूर्वीपासून पाणी वापरणारे नव्हते, तेही कागदवालेच. १९६० च्या दशकात अमेरिकेतून धुणाऱ्या सीट यायला लागल्या, त्या दवाखान्यातल्या पेशंटसाठी होत्या, आणि त्यांचं पाणी कधी कढत तर कधी गार यायचं, नेम पण बसायचा नाही. तोतोच्या लोकांनी ते सुधारायला घेतलं. सगळ्यात मोठा प्रश्न हा की फवारा नक्की कुठे मारायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. मग त्यांनी आपल्याच कंपनीतल्या सुमारे ३०० माणसांना, बायकांनासुद्धा विनंती करून, सीटवर ताणून बांधलेल्या तारेवर खूण करून जागा मोजली. बायकांनी आधी साफ नकार दिला होता, आणि ते साहजिकच होतं. पाणी आणि वीज एकत्र म्हटल्यावर शॉकची भीती, तर पावसात उभ्या असलेल्या ट्रॅफिक सिग्नलचे सर्किट कसे झाकलेले असतात त्यावरून त्यांना उपाय सुचला. जून १९८० मधे पहिला वॉशलेट बाजारात आला.

आणि १९८२ मधे त्यांनी टीव्हीवर जाहिरात केली, त्यात एक मुलगी हाताला रंग लावून कागदाने पुसते आणि तो नीट निघत नाही, आणि मग वाक्य येतं, बुडालासुद्धा वाटतं की मला धुवावं. जेवणाच्या वेळेला जाहिरात लागली म्हणून लोकांनी फोन करून आधी तक्रारी केल्या. पण मुद्दा पटला. माझी आजी हेच म्हणायची हो, हाताला शेण लागलं तर कागदाने पुसून जेवायला बसशील का. आपल्या आज्यांना जे तोंडपाठ होतं ते एका देशाला पटवायला इंजिनियर लागले, आणि त्यांनी इतक्या मनापासून काम केलं की आता आपणच तिथे जाऊन शिकतो. मला हे फार सुंदर वाटतं.

सगळीकडे हीच सीट मिळेल असं मात्र धरून चालू नका. जुनी देवळं, बागा, लहान गावातली स्टेशनं इथे अजून उकिडवं बसायचा जपानी संडास असतो, त्याला "वाशिकी" म्हणतात, आणि कमोडवाल्याला "योशिकी". बऱ्याच ठिकाणी दारावर चित्र असतं. आपल्याला वाटतं उकिडवं म्हणजे सोपं, पण दोन फरक आहेत. एक म्हणजे त्याच्या एका टोकाला घुमटासारखा उंचवटा असतो आणि तोंड त्या उंचवट्याकडे करून बसायचं, म्हणजे बहुतेक वेळा दाराकडे पाठ होते, आपल्या सवयीच्या उलट. दुसरं आणि जास्त महत्त्वाचं, तिथे पाणी नसतं. नळ नाही, जेट नाही, फक्त कागद. म्हणून पर्समधे अर्ध्या लिटरची बाटली ठेवाच. बॅटरीवर चालणारे हातात धरायचे छोटे वॉशलेट पण मिळतात, इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या दुकानांत, आईला आम्ही एक घेतला आणि निक्को या देवळांच्या गावी तो उपयोगी पडला. बाटली वापरताना एक पाळा, जमिनीवर पाणी सांडू देऊ नका. तिथे संडास कोरडा असतो, बऱ्याच घरांत जमिनीला पाणी जायची मोरी नसते, आणि ओली फरशी म्हणजे कोणीतरी घाण करून गेलं असा अर्थ होतो. थोडं सांडलंच तर कागदाने पुसून घ्या.

घरात किंवा र्योकानमधे, म्हणजे पारंपरिक हॉटेलात, संडासाच्या दारात वेगळ्या चपला असतात. त्या आत जाताना घालायच्या आणि बाहेर येताना तिथेच काढायच्या, त्याच घालून तातामीवर, म्हणजे खोलीतल्या गवती चटयांवर आलात तर यजमानांना फार वाईट वाटतं. घरात टाकीच्या वरच छोटा नळ दिसेल, फ्लश केला की त्यातून पाणी येतं, ते चांगलंच पाणी आहे, टाकीत जायच्या आधी आपण त्यात हात धुवून घेतो, तेच पाणी पुढच्या फ्लशला. इतकी साधी आणि शहाणपणाची गोष्ट मी दुसरी पाहिली नाही, आपल्याकडे दुष्काळी भागात तर घरोघरी बसवायला हवी.

बाहेर हात धुतल्यावर पुसायला कागद बऱ्याच ठिकाणी नसतो, हवेचं मशीन असेलच असंही नाही. तिथे प्रत्येकाकडे छोटा हातरुमाल असतो, तुम्हीही ठेवा. कचऱ्याचे डबे पण रस्त्यावर फारसे नाहीत, १९९५ मधे तोक्योच्या मेट्रोत सरीन वायूचा हल्ला झाला त्यानंतर बरेच काढून टाकले, तेव्हा एक रिकामी पिशवी जवळ असू द्या.

बाहेर फिरताना शोधायचं कुठे? पहिली पसंती डिपार्टमेंट स्टोअर, दुसरी मोठी स्टेशनं, तिसरी कोनबिनी म्हणजे सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्टसारखी रोजच्या वस्तूंची छोटी दुकानं. कोनबिनीत सरळ आत घुसू नका, काउंटरवर "तोइरे ओ कारितेमो ई देस का" म्हणून विचारा, वापरू का असा अर्थ, आणि निघताना पाण्याची बाटली वगैरे काहीतरी घ्या. दाट वस्तीच्या भागात काही दुकानं नाही म्हणतात, वाईट वाटून घेऊ नका. रस्त्यात विचारायचं असेल तर "तोइरे वा दोको देस का". फुजी पर्वतावर जाणार असाल तर सुट्टी नाणी ठेवा, तिथल्या टॉयलेटला २००-३०० येन द्यावे लागतात, वर सगळं वाहून न्यायला लागतं त्यामुळे ते योग्यच आहे.

तोक्योत शिबुया भागात असाल तर मुद्दाम वेळ काढून बघायला जावीत अशी सार्वजनिक टॉयलेट आहेत. निप्पॉन फाउंडेशन या संस्थेने १७ ठिकाणी नामवंत वास्तुविशारदांकडून ती बांधून घेतली, तादाओ आंदो, केंगो कुमा, फुमिहिको माकी अशी मोठी माणसं. योयोगी फुकामाचीच्या छोट्या बागेतलं शिगेरु बान यांनी २०२० मधे केलेलं टॉयलेट रंगीत काचेचं आहे, रिकामं असताना आरपार दिसतं, आत कोणी नाही आणि स्वच्छ आहे हे बाहेरूनच कळतं, आणि आतून कडी लावली की काच धूसर होते. आई बाहेर उभी राहून पाच मिनिटं नुसती बघत होती. म्हणाली, "बाईमाणसाला आत शिरायच्या आधी आत कोण आहे ते दिसतं, हे कोणीतरी विचार करून केलंय."

आता परत आल्यावर घरी बसवायचा मोह होतो, आम्हालाही झाला. तिकडून सीट विकत घेऊन बॅगेत टाकू नका. जपानमधे वीज १०० व्होल्टची आहे आणि आपल्याकडे २३०, सरळ जोडली तर जळून जाईल. तोतोचा कारखाना गुजरातमधे हलोलला आहे आणि आपल्या विजेवर चालणाऱ्या सीट आता आपल्या शहरांत मिळतात. घ्यायच्या आधी कमोडचा आकार गोल आहे की लांबट ते मोजून घ्या, कमोडजवळ अर्थिंग असलेला प्लग पॉइंट आहे का बघा, आणि सोसायटीत बोअरचं जड पाणी असेल तर आधी फिल्टर लावा, नाहीतर क्षार साचून नळीची भोकं बुजतात. आमच्या बाथरूममधे प्लग पॉइंट गिझरच्या बाजूला निघाला, कमोडपासून सहा फुटांवर, त्यामुळे सध्या इलेक्ट्रिशियनची वाट बघतोय.